उलट लावलेली जोडी

विमानातून काढलेला फोटो नुसत्या डोळ्यांनी पाहिला तर त्यात काही राम नाही. सगळा मुलूख सारवल्यासारखा सपाट दिसतो. एकाच डोंगराचे, काही क्षणांच्या अंतराने काढलेले दोन फोटो शेजारी ठेवायचे आणि वर स्टिरिओस्कोप ठेवायचा. स्टिरिओस्कोप म्हणजे पायांवर उभा केलेला भिंगांचा चष्मा. डावा डोळा डावा फोटो पाहतो, उजवा डोळा उजवा, आणि डोंगर कागदातून उठून उभा राहतो. जोडी उलट लागली तर डोंगराची दरी होते आणि दरीचा डोंगर. ही चूक नवशिके करतात. मी ती एकदाच केली, आणि तीही समजूनउमजून.

साल १९५७. तेव्हा गडचिरोली चांदा जिल्ह्यातच होतं. एटापल्लीच्या पुढच्या डोंगरांत एक भ्रंश होता, म्हणजे जमिनीला आरपार गेलेली जुनी चीर. ती नकाशावर आणायचं काम माझ्याकडे होतं. फोटोत ती भांग पाडल्यासारखी सरळ दिसायची. जंगलात मात्र साग, बांबू आणि तांबडी माती यांखेरीज काही हाती लागेना. भ्रंशात खडकावर खडक घासून राखाडी पीठ तयार होतं, ते सापडलं की पुरावा मिळाला. आठवडाभर मी आणि माझा खलाशी, म्हणजे मोजणीच्या कामातला मदतनीस, लटारू त्यासाठी वणवण फिरलो. लटारू चिमूरकडचा, बडबड्या, पण गोंडी चांगली जाणायचा.

फोटोतल्या त्या रेघेवर एक ठिपका होता. भिंगातून पाहिलं की तो जमिनीच्या खूप खाली दिसायचा, विहिरीच्या तळाशी असावा तसा. यात गूढ काही नाही. दोन फोटोंच्या मधल्या वेळात जी वस्तू हलते, ती तरंगताना नाहीतर बुडालेली दिसते. एखादी बैलगाडी असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. माणूस काही एवढ्या उंचीवरून उमटत नाही.

जवळच्या गावातली सोमारी डोक्यावर पाण्याचा गुंड, म्हणजे घागर, घेऊन आमच्या तंबूला पाणी द्यायची. तिचा नवरा जंगू काही वर्षांपूर्वी त्याच डोंगरात बांबू तोडायला गेला आणि परतलाच नाही. गावाने त्याच्या नावाचा दगड रोवायला आणून ठेवला होता. सोमारी रोवू देत नव्हती. दगड रोवला की माणूस मेलाच, आणि तिच्या मते तो मेला नव्हता.

एका दुपारी गंमत म्हणून मी तिला भिंगातून पाहू दिलं. ती उठेचना. मग लटारूकडे वळून ती हळूहळू काहीतरी बोलली. लटारूचा चेहरा उतरला.

"थे म्हणते, हा जंगू होय. खांद्यावर कुऱ्हाड हाये. लय खाली गेला म्हणते."

मी पाहिलं. ठिपकाच होता. कुऱ्हाड कुठली!

त्याला वर काढता येईल का, असं ती विचारत होती. मला तिची कणव आली. शिवाय मास्तरकी करायची हौस माझ्यात थोडी आहेच. मी जोडी उलट लावली. डोंगर खचले, ओढे उचलले गेले आणि ठिपका वर आला. सोमारीने पुन्हा पाहिलं. रडली नाही, हसली नाही, फक्त एक शब्द बोलली.

"आला म्हणते," लटारू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लटारू चहा न घेताच आला. जंगू घरी आलाय, असं त्याने खाली बघत सांगितलं.

अंगणात एक माणूस बसला होता, मांडीवर कुऱ्हाड. सोमारी त्याला आंबील पाजत होती. गावकरी कुंपणाबाहेर उभे होते, आत कोणी येत नव्हतं. त्याच्या केसांत, पापण्यांत, कानांच्या पाळ्यांमागे राखाडी काहीतरी बसलं होतं. मी त्याच्या खांद्यावरून चिमूटभर उचललं आणि बोटांत चोळलं.

मी आठवडाभर शोधत होतो तेच पीठ होतं.

कुठे होतास, म्हणून मी विचारलं. तो माझ्या तोंडाकडे पाहीना. माझ्या पायांखालच्या जमिनीकडे पाहत राहिला.

आम्ही तंबू उतरवला तेव्हा सोमारी आली.

"सायेब, थे म्हणते," लटारू म्हणाला, "त्या फोटूले आता सुलटं नोका करू. कधीच नाई."

मी शब्द दिला. भ्यालो होतो हे खरं, पण तेवढ्यासाठी नाही. तिचं तोंड पाहून दिला.

नागपूरच्या कचेरीत ती जोडी मी उलटीच पाटीवर चिकटवून ठेवली. नकाशात तेवढा भाग कोरा सोडला. फोटोत ढग आहेत, असं वरिष्ठांना सांगितलं. दुसरं काय सांगणार? हिवाळा सरला. सोमारीच्या घरी दोन ताटं वाढली जात असतील या विचाराने मला बरं वाटायचं.

फाल्गुनात मी रजेवरून परतलो. आमचा नकाशे काढणारा देवाजी खुशीत होता. कोरा भाग त्याने भरून काढला होता.

"साहेब, जोडी उलटी लागून होती. म्या सुलटी करून देल्ली."

कधी, ते मी विचारलं नाही. त्याचा काय दोष?

मी स्टिरिओस्कोप ओढला.

डोंगर उभे होते. रेघ तीच. ठिपका पूर्वीइतकाच खाली.

त्याच्या खांद्यावरची कुऱ्हाड मला आता दिसली.

त्याचा हात धरून शेजारी आणखी कोणी चालत होतं. डोक्यावर गुंड होता. पाणी सांडू नये म्हणून धरतात, तसा अगदी सरळ.