मेडोलार्कचा उलटा चिमटा

"मॅडम, ती सायकल अजून तुमची झालेली नाही."

हायवेवरच्या त्या अवाढव्य स्वस्त दुकानात, मोटारीची टायरं आणि बागेचे पाइप यांच्या मधल्या गल्लीत मी गुडघ्यांवर बसले होते. हातात डॅडींचा पाना. वर पाहिलं, तर निळं जाकीट, मनगटावर ग्रीस आणि हसू दाबून धरलेले ओठ. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, लिनेल.

"माझी व्हायचीही नाही," मी म्हटलं. "पण जो घेईल त्याचे दात तरी शाबूत राहू देत. पुढचं चाक धरणारा चिमटा उलटा बसवलाय. कोण गाढव जोडतं इथे सायकली?"

त्याने छातीवरच्या पट्टीवर बोट ठेवलं. "गाढव... तुमच्यासमोरच उभं आहे."

मला हसू आलं, तेही नको तेव्हा.

"चिमट्याचा बाक पुढे हवा. बदकाची चोच कधी पाठीकडे पाहिलीयस?"

"खोक्यातून निघतो तेव्हा दोन्हीकडून सारखाच दिसतो हो. गेल्या महिन्यापर्यंत मी पाइप विकत होतो. मग म्हणाले, आता सायकली जोड." त्याने आवाज खाली आणला. "शिकवाल मला?"

नाही म्हणायला हवं होतं. कारण त्या सायकलीच्या कपाळावर पितळी पक्षी होता — मेडोलार्क. माझे डॅडी, वेंडेल प्रूइट, मेकन गावातल्या आमच्या छोट्या सायकलच्या दुकानात उभा जन्म फक्त मेडोलार्कच विकत आले. मग कंपनीने आपलं नाव विकलं. तोच पक्षी आता पातळ पाइपांच्या सांगाड्यावर बसून, पाव किमतीत, इथे लटकत होता. डॅडींनी आमच्या दारावर पाटी ठोकली : 'हायवेवरची सायकल आत आणू नये.' बिघडलेल्या सायकली ढकलत लोक यायचे, पाटी वाचायचे आणि तसेच मागे फिरायचे. दुसरं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. चर्चमधला सायकलींच्या आशीर्वादाचा रविवार झाला की दुकान कायमचं बंद, असं डॅडींनी ठरवलं होतं. त्यानंतर ते दिवसभर काय करतील, हे मला त्यांना विचारवत नव्हतं.

तरी मी म्हटलं, "बुधवारी संध्याकाळी ये. चर्चच्या मागे, पिकनच्या झाडाखाली."

तो आला. कुणाच्या तरी ट्रकमध्ये एक सायकल टाकून. पाइनचा पिवळा पराग उडायचे दिवस होते. बाकावर, पानांवर, त्याच्या पापण्यांवरही हळद सांडल्यासारखी... आत पास्टर हॉलोवे रविवारचं प्रवचन घोळवत होते.

"तुमचे पास्टर बोलता बोलता गायला कधी लागतात, कळतच नाही," तो म्हणाला.

"आणि तुमचे?"

"आमचे घड्याळाकडे बघून बोलतात."

"नट आवळ. गप्पांनी घट्ट होत नाही तो."

"गप्पांनी काय काय घट्ट होतं, ते तुम्हाला कुठे माहीत?"

मी त्याच्या हातात पुढचा नट ठेवला. पुढच्या बुधवारी मात्र केसांत रिबीन बांधली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं... तेही पास्टरांच्या गाण्यासारखंच.

आशीर्वादाच्या आधीच्या बुधवारी तो एकच नट पुन्हा पुन्हा आवळत होता.

"ओडेसा, तुझ्याकडून शिकण्याआधी ज्या सायकली जोडल्या... त्या सगळ्या विकल्या गेल्या. कुणाकडे आहेत, काय माहीत."

"रविवारी सगळ्या आमच्या चर्चच्या अंगणात असतील," मी म्हटलं. "पास्टर एकेकाचं नाव गातात आणि मग सगळे सायकलवरून चर्चसमोरचा उतार उतरतात."

"तो उतार?"

"तोच. त्याआधी सांगायला हवं. पण सगळ्यांदेखत कबूल केलंस तर नोकरी जाईल तुझी."

त्याने पाना पुसून माझ्या हातात दिला.

रविवारी अंगणात पितळी पक्ष्यांचा थवाच उतरला होता. चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकनांच्या बाकावर बसलेल्या डॅडींनी एकदाही तिकडे पाहिलं नव्हतं. साक्षीची वेळ झाली. ज्याच्या मनात काही असेल त्याने तेव्हा उभं राहून सांगायचं. मागच्या रांगेत कुणीतरी उठलं. लिनेल, टाय बांधून!

"मी पाहुणा आहे," तो म्हणाला. बायकांच्या हातातले पंखे थांबले. "बाहेरच्या सायकली मी जोडल्यात. काहींचे चिमटे उलटे आहेत. तुमची मुलं... त्यांच्यावर बसून उतार उतरणार आहेत."

"बोल, बाळा," पुढच्या बाकावरच्या सिस्टर व्हर्नेल पुटपुटल्या.

"आधी मला त्या नीट करू द्या. एकट्याला संध्याकाळ होईल, पण करीन."

पास्टरांनी डोळे मिटले. मग त्यांच्या घशातून तो खोल हुंकार आला आणि ऑर्गनने त्याचा हात धरला. "वाट चुकली, तर लेकरानं काय करावं?"

"फिरावं!" सगळं चर्च म्हणालं.

"आणि फिरून आला, तर घरानं काय करावं?"

"दार उघडावं!"

डॅडी उठले. कोट काढला, त्याच्या आतल्या खिशातून पाना काढला. इतकी वर्षं मला वाटायचं, तिथे चष्म्याचं घर आहे. ते लिनेलपाशी गेले.

"पोरा, एकट्याला संध्याकाळ होईल. दोघं असलो तर जेवणाआधी उरकेल."

"तिघं," मी म्हटलं.

अंगणात डॅडींची बोटं त्या पितळी पक्ष्यावरून फिरली. "पाइप पातळ आहे," ते कुरकुरले. थोड्या वेळाने म्हणाले, "बसणारी पोरं मात्र आपलीच."

"ब्रदर प्रूइट," सिस्टर व्हर्नेलनी हटकलं, "मग हे दुकानात करायला काय होतं तुम्हाला? घरी अजून दोन पडल्यात माझ्या."

"उद्या आणा," डॅडी म्हणाले.

माझा हात पान्यावरच थांबला.

"मला उद्या कामावरून काढतील बहुतेक," लिनेल हळूच म्हणाला.

डॅडींनी नटावरची नजर हलवली नाही. "तर मग सकाळी आठला ये. दारावरची पाटी उतरवायचीय. आणि हात धुऊन येत जा, माझ्या मुलीला भेटताना."

तळलेल्या कोंबडीचा वास सुटला, तेव्हा शेवटचा चिमटा सरळ झाला. पास्टर एकेक नाव गाऊ लागले आणि सायकली पिवळा धुरळा उडवत उतारावरून निघाल्या. सगळ्यात शेवटी त्यांनी माझं नाव गायलं आणि त्याच सुरात, न थांबता, त्याचं.

आम्ही शेजारी शेजारी सुटलो. कानांत वारा.

"ओडेसा, एक सांगायचंय —"

"ब्रेक लागत नाहीत?"

"लागतात. लावायचे नाहीत... माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"पुढे बघून चालव, गाढवा," मी म्हटलं आणि एक हात हँडलवरून काढून त्याच्यापुढे केला. त्याने तो धरला.

वरून, अख्ख्या अंगणातून, एकच आवाज आला.

आमेन.