चार वेळा न सापडलेली मुलगी

आगरदांड्याहून दिघीला येणाऱ्या जंगलजेटीच्या फेरीबोटीवर गाड्यांच्या मधल्या फटीत मी उभी होते. पायाशी होमस्टेच्या, धुवायला घेतलेल्या चादरींचं गाठोडं. शेजारी एक बाइकवाला. त्याच्या हातात फाईल, आणि फाईलवर टाचलेला फोटो – माझा! सतरा वर्षांची मी, दोन वेण्या, चोपडलेलं तेल.

“मॅडम, दिवेआगरच्या का तुम्ही? ही प्रज्ञा धर्माजी तांबे... ओळखता?”

“चांगलीच.”

“कशी आहे?”

“आगाऊ आहे. काय काम काढलंत?”

“महामंडळाचं शिक्षणकर्ज थकवलंय तिने. वसुलीला आलोय.” त्याने फोटोकडे पाहिलं. “फोटोत तर बिचारी घाबरलेली वाटते.”

“फोटोवाल्याने पैसे आधी मागितले असतील.”

तो हसला. वारा सुटला, तशी त्याने फाईल छातीशी घट्ट धरली. फाईल म्हणजे... मीच. मला उगाच खाडीकडे बघावं लागलं.

दिघीला उतरल्यावर मी त्याला लांबचा रस्ता सांगितला. तासाभराने धुळीने माखून तो आमच्या अंगणात पोचला. मी पाणी आणलं. त्याने तांब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं.

“तुम्ही... म्हणजे तुम्हीच...?”

“सांगितलं होतं ना, आगाऊ आहे म्हणून.”

त्याचं नाव विपुल. उरणकडचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. महामंडळात कंत्राटी वसुली कर्मचारी. मी त्याला माझी कथा सांगितली. लॅब टेक्निशियनचा कोर्स केला. दोन वर्षांनी कळलं, कॉलेजला मान्यताच नव्हती. कॉलेजची इमारत आता लग्नाचा हॉल आहे. सर्टिफिकेट दाखवलं की हॉस्पिटलवाले परत देतात, तेही दोन बोटांत धरून. कर्ज घेतलं एक लाख ऐंशी हजार, झालं जवळपास तीन लाख. जामीनदार माझे बाबा. गावाला नळाचं पाणी सोडायचं काम करतात. तारण आमचं घर.

विपुलच्या फॉर्मवर दोनच चौकोन होते. कर्जदार आढळला, किंवा आढळला नाही. आढळला तर पंधरा दिवसांत सगळी रक्कम भरतो असं लिहून घ्यायचं, नाहीतर कोर्ट. त्याने पेन काढलं, बराच वेळ धरलं... आणि ‘आढळला नाही’वर खूण केली.

“अहो, मी काय भूत आहे का?”

“महिनाभर सुटलात,” तो तांब्यात बघत म्हणाला. “फक्त मला पुढच्या महिन्यात परत यावं लागेल.”

आला. आईने घावन वाढले. “खा रे बाबा. आमची पोरगी न्हाय सापडत तर न्हाय, तू उपाशी कशाला जातोस?” त्याने चार घावन खाल्ले आणि लिहिलं – घर बंद होतं.

तिसऱ्या खेपेला मी वाडीत चादरी काढत होते. डबल बेडची चादर एकट्याने घडी होत नाही. त्याने दोन कोपरे धरले, मी दोन. एक घडी, दुसरी घडी, जवळ, अजून जवळ... बोटांना बोटं लागली. सुपारीच्या झावळ्या वर करकरत होत्या. दोघांनीही चादर सोडली नाही.

“सोडा की,” मी म्हटलं.

“तुम्ही आधी.”

चादर परत धुवावी लागली, कारण शेवटी दोघांनी एकदमच सोडली.

चौथ्या खेपेला तो म्हणाला, “तुम्ही सापडत नाही तेच बरंय.”

“आणि सापडले तर?”

“तर मग यायला कारण काय उरणार...?”

पुढच्या आठवड्यात तो नाही, महामंडळाचे शिपाई रावजी आले. खळीचा डबा घेऊन. भिंत उंच होती म्हणून मला म्हणाले, “पोरी, स्टूल आण जरा.” मी आणलं. वर डबाही धरला. त्यांनी कागद चिकटवला, हात पुसले, चहा पिऊन गेले. मग मी वाचलं. चार भेटींत न आढळल्यामुळे कर्जदार प्रज्ञा धर्माजी तांबे बेपत्ता समजण्यात येत आहे. जामीनदाराच्या घराची जप्ती, येत्या सोमवारी.

चार वेळा न सापडल्यावर काय होतं, हे परिपत्रकात होतं. परिपत्रक कंत्राटी लोकांना देत नाहीत.

दोन दिवसांत बायका आईला भेटायला यायला लागल्या. “सापडली का गो?” विचारायच्या, आणि माझ्याच हातून चहा घ्यायच्या. हसायला आलं असतं. पण बाबांनी जेवण सोडलं होतं. शनिवारी त्यांनी बाबासाहेबांचा फोटो भिंतीवरून उतरवून चादरीत गुंडाळला. जप्तीवाले काय काय नेतात, कुणाला माहीत. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला. बाबा त्याच्याकडे पाठ करून बसले.

सोमवारी पहाटेच निघून, ऑफिस उघडायच्या आधी मी अलिबागला पोचले. उघडलं तेव्हा टेबलामागे महामंडळाच्या साक्षी मॅडम.

“मी प्रज्ञा तांबे. मी आहे. जप्ती थांबवा.”

“फाईलप्रमाणे तुम्ही बेपत्ता आहात. बेपत्ता व्यक्तीचा अर्ज घेता येत नाही.”

“आधार कार्ड बघा!”

“कार्ड आहे हो. माणूस नाही ना.”

मग म्हणाल्या, एकच मार्ग आहे. भेट देणाऱ्या कर्मचाऱ्याने लिहून द्यायचं की अहवाल खोटे होते. पण असं कोण लिहील? नोकरी जाते.

विपुल दाराबाहेर पाण्याच्या टाकीपाशी ऐकत उभा होता. आठवडाभर झोपला नसावा. आत आला, कोरा कागद मागितला. दाढी न केलेल्या गालावरून घाम कागदावर पडत होता, तरी अक्षर नीट काढत होता.

“कारण लिहा,” मॅडम म्हणाल्या. “कारणाशिवाय कागद पुढे जात नाही.”

त्याने लिहिलं. मॅडमनी अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं वाचलं – “सदर कर्जदार चारही वेळा घरीच होती. ती सापडली असं लिहिलं असतं तर मला परत जाता आलं नसतं. मला परत जायचं होतं.”

मग त्यांनी छापील यादीवरून बोट फिरवलं.

“हे कारण आमच्या यादीत नाही,” मॅडम म्हणाल्या.

“मग ‘इतर’ लिहा,” विपुल म्हणाला.

बारा वाजता जप्तीला तीन महिन्यांची स्थगिती मिळाली. सव्वाबाराला विपुलची नोकरी गेली. महामंडळ एवढं झटपट काम करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

एसटी स्टँडवर तो माझ्या मागोमाग आला. मी वळलेच नाही.

“माझ्या बापाने दोन दिवस अन्न टाकलंय, विपुल. तुमच्या चौकोनांपायी.”

“माहीत आहे. म्हणून येतोय. ते कागद कोणी लिहिले, हे त्यांना मीच सांगतो.”

“वाडीत कोयता असतो त्यांच्याकडे.”

“असू दे.” मग हळूच म्हणाला, “तीन महिने आहेत आपल्याकडे. काहीतरी करू.”

कर्ज माझं, घर बापाचं, याची नोकरी गेलेली... आणि म्हणे आपल्याकडे! इतकी वर्षं या कर्जाला सगळे ‘तुझं’ म्हणत होते. गाडी लागली. आत गर्दी होती, दोनच जागा रिकाम्या होत्या. मी आधी चढले, आणि खिडकीजवळची त्याच्यासाठी सोडून बसले.