धुकं विरेपर्यंत

त्या वर्षी नोव्हेंबरात येणाऱ्या संत मार्टिनच्या सणाआधी सलग नऊ दिवस धुकं हटलं नव्हतं. अद्दा नदीच्या काठी राहणाऱ्याला धुक्याचं काय कौतुक. तिथलं पोर जन्मतं तेच खोकत. पण हे धुकं जरा जड होतं. सकाळी दाराशी येऊन बसायचं, दुपारी नुसतं पिवळट व्हायचं, आणि दिवस कलला की पुन्हा काळवंडायचं. वाऱ्याचा मागमूस नाही. उंच झाडांवरून थेंब गळत, तेवढाच काय तो आवाज.

अशा एका दुपारी तेउझो घरातून निघाला. काम साधंच होतं. तेउझो हा वालनेरा गावच्या चर्चची घंटा वाजवायचा आणि गावच्या कबरी खणायचा. वय झालेलं, बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. दुसऱ्या दिवशी बिशपाचे तपासनीस गावात यायचे होते, म्हणून वेदीवर अंथरायचं धुतलेलं कापड पाद्रीबाबांच्या घरून आणायचं होतं.

कुंपणापलीकडे शेजारी गुआल्दो उभा होता. हा पाणचक्कीवाला, गेल्या ईस्टरला डोंगराकडून येऊन गावात राहिलेला. थट्टेखोर माणूस. म्हणाला, "बाबा, या धुक्यात घंटेची दोरी सापडेल ना? नाहीतर गाईची शेपटी ओढत बसाल." तेउझो हसला. पण चार पावलं गेल्यावर ते हसू ओठावरून गळून पडलं. त्याला तपासनिसांची आठवण झाली होती.

त्याला कारण होतं. मागच्या वर्षी हेच तपासनीस पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी गावातले सात जाणते पुरुष वेदीपुढे उभे केले होते. शुभवर्तमानाच्या ग्रंथावर हात ठेवायचा आणि विचारतील ते खरं सांगायचं. खोटं बोलेल त्याचा आत्मा गेला. रोमहून नवा कायदा आला होता, की पाद्र्याने बायको ठेवायची नाही. आता त्या खोऱ्यात पाद्र्याला बायको नसणं हेच नवल. वालनेराचे पाद्री अन्स्पेर्तो स्वतः पाद्र्याचा मुलगा, आणि त्यांचा बापही पाद्र्याचाच. कुणी कधी बोट दाखवलं नव्हतं.

तपासनिसांनी विचारलं, पाद्र्याच्या घरात बाई राहते का? सहा जणांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. आम्ही चर्चच्या दारापर्यंत जातो, महाराज, घरात काय ते आम्हाला ठाऊक नाही. तेउझोला हे पटलं नाही. शपथ ती शपथ, आणि यात लपवायचं काय? तो म्हणाला, राहते की. त्यांची बायको, इमिझाबाई. वीस वर्षं झाली लग्नाला. बाई सोन्यासारखी आहे, वेदीचं कापड तिच्यासारखं कुणी धूत नाही, मला आजारपणात सूपही तिनेच आणून दिलं.

त्याला वाटलं, आपण तिचं कौतुक करतोय.

कारकुनाने ते सगळं उतरवून घेतलं. हुकूम झाला, बाईने सूर्यास्ताच्या आत गावाची शीव ओलांडायची. तिला शिवेच्या आत जो कुणी छप्पर देईल तो वाळीत. त्याला चर्चमधली मिस्सा-प्रार्थना नाही, मेल्यावर घंटा नाही, चर्चच्या आवारातली माती नाही.

त्या दिवशीही असंच धुकं होतं. अंधारून यायच्या सुमाराला तेउझोचं दार वाजलं. बाहेरून इमिझाबाई म्हणाली, "तेउझो, मी आहे. भावाचं गाव नदीपलीकडे, आणि वाट दिसत नाहीये. धुकं विरेपर्यंत बसू दे. मग जाते."

तेउझो कडीवर हात ठेवून उभा राहिला. आवाराबाहेर माती दिलेली माणसं त्याच्याच हातची होती. तिथल्या खड्ड्यात पाणी भरतं हे त्याला ठाऊक होतं. त्याने कडी काढली नाही. ती पुन्हा हाक न मारता थोडा वेळ उभी राहिली असावी, कारण पावलं बऱ्याच उशिराने वाजली.

ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत नदीकाठच्या लव्हाळ्यात ती सापडली. काखेत वेदीच्या कापडाचं गाठोडं तसंच. ती गेली तो शनिवार होता ना, धुण्याचा. ती शिवेच्या आतच मेली होती, म्हणजे हुकूम मोडलेला, त्यामुळे तिला माती चर्चच्या भिंतीबाहेर मिळाली. खड्डा तेउझोनेच खणला. घंटा वाजली नाही.

तेव्हापासून वेदीचं कापड कोण धुतं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. दर शनिवारी ते पाद्रीबाबांच्या दाराशी घडी घालून ठेवलेलं असे. म्हातारा स्वतःच धूत असेल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या दुपारी मात्र दाराशी कापड नव्हतं. चर्चच्या भिंतीच्या पायथ्याची माती ओली होती. वेदीच्या कापडाचं पहिलं पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून तिथेच ओततात. म्हणजे धुणं नुकतंच झालं होतं. तेउझोने दार ढकललं.

आत चूल पेटलेली होती. धुण्याच्या राखेच्या पाण्याचा उग्र वास, आणि त्याच्याखाली दुसरा एक, नदीच्या गाळाचा. मेजावर दोन वाडगे होते. एक पुसून खाल्लेला, दुसरा काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली. पाद्री अन्स्पेर्तो चुलीपाशी बसले होते. वर्षभरात निम्मे झाले होते. त्यांनी तेउझोला खुणेनेच बसायला सांगितलं.

मागच्या खोलीच्या दाराला जाड पडदा होता. पडद्यामागे कुणीतरी कापड पिळत होतं.

पीळ... मग थेंब. पुन्हा पीळ... मग थेंब.

"मी बोलावलं नाही तिला," पाद्रीबाबा हळूच म्हणाले. "बोलतही नाही मी. तिच्याशी बोलणार नाही, अशी तपासनिसांपुढे शपथ घेतली आहे ना... ती येते, काम करते. धुकं असलं की येते."

पडद्याखालून पाण्याची एक बारीक धार निघाली आणि फरशीवरून त्याच्या पायाकडे येऊ लागली. त्याला पाय मागे घ्यायचे होते, पण घेववेनात.

पाद्रीबाबांनी त्याला काही मागितलं नाही. इतकंच सांगितलं, की उद्या तपासनीस पुन्हा सात जणांना तोच प्रश्न विचारतील, आणि सहा जण पुन्हा पायांकडे बघतील. खरं बोललास तर ते तिला दुसऱ्यांदा बाहेर काढतील. मेलेल्यांना काढायचीही रीत आहे त्यांच्याकडे, बारा मेणबत्त्या जमिनीवर आपटून विझवायच्या. मग त्या माणसाला कुठेच जागा राहत नाही. आणि खोटं बोललास तर तुझा आत्मा गेला. "काय करायचं ते तुझं तू ठरव, तेउझो. मी तुझा पाद्री आहे, खोटं बोल असं मी कसं सांगू?"

पिळणं थांबलं होतं. पडद्याच्या फटीतून घडी घातलेलं कापड पुढे आलं. धरणारे हात मनगटापर्यंत दिसत होते. पांढरेफटक, बोटांची टोकं सुरकुतलेली, फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी. तेउझोने दोन्ही हात पुढे केले. कापड कोरडं होतं. उबदारसुद्धा, पोटाशी धरून आणल्यासारखं.

तो रडू लागला. "बाई... त्या दिवशी मी दार उघडलं नाही." त्याने कापड छातीशी धरलं. "पण तेव्हापासून मी घराला कडी लावलेली नाही. एक दिवसही नाही."

हे तो शरमेने बोलला. त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीस आले. सातही जण वेदीपुढे उभे राहिले. सहांनी पायांकडे पाहिलं. तेउझोची पाळी आली तेव्हा त्याने ग्रंथावर हात ठेवला. ग्रंथाखाली तेच कापड होतं.

"पाद्र्याच्या घरात बाई राहते का?"

त्याला तो पाण्याने भरणारा खड्डा दिसला. कडीवरचा स्वतःचा हात दिसला. एकदा खरं बोलून काय झालं ते त्याने पाहिलं होतं. आत्मा जायचा तर जाऊ दे, असं म्हणून त्याने मान वर केली.

"नाही," तो म्हणाला. "राहत नाही."

तपासनिसांनी त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग कारकुनाला पाद्र्याचं घर बघायला धाडलं. कारकून परत आला तो हात झटकत. एकच वाडगा, एकच पांघरूण, म्हणाला. मागची खोली रिकामी.

दुपारी ते लोक पुढच्या गावाला निघून गेले. पाद्री अन्स्पेर्तो दारात बसले होते. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. त्यांनी सांगितलं, की पहाटेच चूल थंड पडली. पडद्यामागे टिपूस नाही, वासही नाही. "गेली ती, तेउझो. तू शपथेवर खरंच बोललास."

म्हणजे आत्मा वाचला होता. तेउझोला आधी ते उमगलंच नाही. मग वर्षभराचं ओझं खांद्यावरून उतरल्यासारखं वाटून तो घराकडे चालू लागला. नदीकडून वारा सुटला होता. धुक्याच्या चिंध्या झाल्या, आणि दहा दिवसांनी पहिल्यांदा ऊन पडलं. ओली शेतं चमकत होती. त्याने मनाशी ठरवलं, की उद्या पाद्रीबाबांना विचारून तिच्या नावाने घंटा वाजवायची, हळू का होईना.

गुआल्दो कुंपणाला टेकून उभा होता. त्याला पाहून मिशीत हसला.

"काय बाबा, म्हातारपणी घरात बाई आणलीत ती? तुम्ही काही पाद्री नाही, तुम्हाला कोण विचारतंय म्हणा."

तेउझो थांबला. घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. सकाळी त्याने चूल पेटवली नव्हती.

"पहाटे आली, दाराला कडी नव्हतीच," गुआल्दो सांगू लागला, आणि सांगता सांगता त्याचं हसू ओसरत गेलं. "बोलायला चांगली आहे. धुकं विरेपर्यंत बसते, मग जाते, म्हणाली. मघाशी ऊन पडलं तेव्हा मीच तिला हाक मारली. म्हटलं, बाई, विरलं की धुकं. तर दारात आली, उन्हाकडे बघितलं, आणि म्हणाली... बाहेरचं विरलं, तेउझोच्या घरातलं अजून आहे."