‘पण समजा’ यांचा विरोध

‘पण समजा’ हे टोपणनाव घेतलेल्या एका माणसाने ऑनलाइन चर्चामंचावर सोमवारी लिहिले की, माणसाने रोज आठ पेले पाणी प्यायलाच हवे याला पुरावा नाही. गुरुवारी मी तेच लिहिले, तेव्हा त्याने मला कडाडून विरोध केला.

त्या मंचावर अनोळखी माणसे कशावरही वाद घालत: निवडणुका, फोन, पोटाचा घेर. माझे तिथले नाव ‘पुरावा द्या’. दिवसभर मी एका मापन-प्रयोगशाळेत तापमापक तपासते. चुकीचा आकडा दाखवणारे उपकरण बाजूला काढणे हेच माझे काम. मंचावरही मी वेगळे काही करत नसे. आणि हा गृहस्थ माझ्या प्रत्येक मताखाली येऊन सुरुवात करी, “पण समजा…”

वाद मात्र तो देखणा घाली. न चिडता, स्वतःवरच हसत. “तुमचा मुद्दा बरोबर असेलही,” त्याने एकदा लिहिले, “पण इतक्या थंडपणे मांडलात की मला शाल शोधावी लागली.”

“शालीने मुद्दे बदलत नाहीत.”

“नाही… पण तुमच्यासमोर अजून थोडा वेळ बसता येतं.”

हे वाचत असताना माझ्या मुठीतल्या तापमापकाचा आकडा वर सरकला. उपकरणात दोष नव्हता.

मी माझ्या थोरल्या बहिणीकडे राहते. फोनकडे पाहून हसताना तिने मला पकडलेच. “कोण गं?”

“एक माणूस आहे, ताई. भांडतोय माझ्याशी.”

“भांडणाऱ्याकडे बघून कोणी असं हसतं? आणि माणूस कशावरून? हल्ली यंत्रंही गोड बोलतात म्हणे. नाहीतर कुठल्या तरी पक्षाने पगारावर ठेवला असेल, दिसेल त्याला विरोध करायला!”

तिने थट्टेने म्हटले, पण शंका माझ्या डोक्यात बसली. आमच्यात झालेले वाद मी पुन्हा चाळले. प्रश्न पाण्यापुरता नव्हता. मी जी बाजू घेई, तिच्या नेमकी उलट बाजू तो घेई. त्याला स्वतःचे मत असल्याचे कुठे दिसेना. आणि त्याच्या उत्तराची वाट पाहणे हा तर एव्हाना माझ्या दिवसाचा गाभा झाला होता. तिकडे माणूसच नसेल, किंवा असून आतून पोकळ असेल, तर… तर मंच सोडायचा, असे मी ठरवले. अर्थात, आधी प्रयोग.

“मतदान सक्तीचे करावे,” मी लिहून टाकले. माझे मत बरोबर याच्या उलट आहे. ते वाक्य लिहिताना दाढ ठणकावी तसे झाले. थोड्याच वेळात त्याचा विरोध हजर! सक्तीविरुद्धचा सगळा युक्तिवाद मीच पूर्वी केलेला, माझ्याच शब्दांत. खाली एक ओळ होती: “हे एका हुशार बाईंचं आहे. तुम्ही ओळखत असाल.”

मी त्याला खासगी निरोप पाठवला. “तुम्ही माणूस आहात की यंत्र?”

“माणूस. तुमचा निरोप बघून आत्ताच शर्टावर चहा सांडलाय.”

“पुरावा?”

डाग पडलेल्या शर्टाचा फोटो आला.

“फोटो कोणीही बनवतं.”

“मग येऊन वास घ्या.” खाली पत्ता होता, एका श्रवणतपासणी केंद्राचा.

दुसऱ्या दिवशी, ताईला पत्ता सांगून, जेवणाच्या सुट्टीत मी तिथे गेले. उंच, किंचित पोक काढून उभा असलेला एक तरुण एका आजींच्या कानात यंत्र बसवत होता.

“म्हणजे आता तुझी बडबड ऐकावी लागणार!” आजी म्हणाल्या.

“म्हणून तर आवाज कमी ठेवलाय, आजी.”

मग त्याने मान वळवली. पाहिले… पाहतच राहिला. “पुरावा द्या?”

“द्या,” मी हात पुढे केला. त्याने खणातून शर्ट काढून दिला. चहाच होता.

“माणूस आहात, मान्य. आता पुढचा प्रश्न. तुम्हाला स्वतःची मतं आहेत का?”

त्याचे कान लाल झाले. “हे समोरासमोर… नाही जमायचं. आत बसता?”

काचेपलीकडे ध्वनिरोधक खोली होती. डोक्यावर हेडफोन, हातात बटण. त्याचा आवाज कानात आला की बटण दाबायचे. दर वेळी तो आवाज उतरवत नेणार. दार मिटले, आणि मला माझीच नाडी ऐकू येऊ लागली.

“पाणी तहान लागली की प्यावं.” मी बटण दाबले.

“मतदान सक्तीचं नसावं.” हळू. बटण.

“शाळेत फोनबंदी मात्र हवीच. तिथे तुम्ही साफ चुकताय आणि हे मी जन्मभर म्हणेन.” आणखी हळू. मी बटण दाबले. हसू काही दाबता आले नाही. पोकळ नव्हता तो!

“मला तुमची फार सवय झालीय…” नुसती कुजबुज. बटण.

मग काचेपलीकडे त्याचे ओठ हलले. कानात आला तो जवळजवळ श्वासच. “‘तू’ म्हटलं तर चालेल?”

त्याच्यासमोरचा छोटा दिवा लागला, आणि लागलेलाच राहिला. मी अंगठा उचललाच नव्हता.

बाहेर आले तेव्हा तो उगाचच वायरी गुंडाळत होता. “कान उत्तम आहेत,” तो म्हणाला, “तुझे.”

“विषय बदलू नकोस. जे पटत होतं त्यालाही विरोध का केलास?”

“आधी पटलं असंच लिहायचो की. कितीतरी दिवस. बघ ना.”

तिथेच उभ्याउभ्या मी फोन काढला आणि मागे मागे गेले. ‘अगदी बरोबर’, ‘सहमत’, ‘सुंदर मांडलंत’… सगळी त्याची. त्यांच्याखाली माझे अक्षरही नव्हते. खात्रीसाठी मी इतरांच्याही नोंदी तपासल्या. तो शेजारी उभा होता. त्याची बाही माझ्या कोपराला लागत होती आणि दोघांपैकी कोणीच सरकत नव्हते.

कारण सापडले. माझ्याशी सहमत होणाऱ्या कोणालाही मी कधीच उत्तर दिले नव्हते. विरोध करणाऱ्या प्रत्येकाला दिले होते.