ऐकणारा वाल्व

हे खरं आहे. पटलं नाही तरी खरं आहे.

रात्र नव्हती. अमावस्या तर नव्हतीच. एकोणीसशे एकसष्टच्या वैशाखातली भर दुपार, आर्णीजवळचा एक तांडा, लग्नाचा मांडव. पाय ठेवायला जागा नव्हती.

आणि सगळ्यांनी ऐकलं.

घाबरला मात्र एकटा शब्बीर.

शब्बीर आर्णीचा लाउडस्पीकरवाला. एक अँप्लिफायर, एक माइक, एक भोंगा, मोटारीची एक बॅटरी. एवढ्यावर त्याचं घर चालायचं. डोंगरसिंगच्या पोरीचं, सोनीचं लग्न होतं. बंजाऱ्यांची नवरी निघताना एकेका वडीलधाऱ्याच्या गळ्यात पडून गात गात रडते. ढावलो म्हणतात त्याला. पण सोनीची आजी, रुपीबाई, नाल्यापलीकडच्या तांड्यावर धाकट्या पोराकडे बाजेवर पडून होती. अंगावरून वारं गेलेलं. हलवायची सोय नव्हती.

"याडीनं निरोप धाडला," डोंगरसिंग म्हणाला. याडी म्हणजे आई. "म्हणते, सोनीचं रडणं आयकल्याबिगर मी मरत नाही. शब्बीरभाई, भोंग्याचं तोंड तिकडंच करा."

"मंग नाहीच आयकवत. राहू द्या बुढीले शंभर वर्षं."

दोघं हसले.

लग्न परवावर आलं आणि अँप्लिफायर गप्प झाला.

माइकचा आवाज आधी उचलणारा छोटा वाल्व, बोटाएवढी काचेची नळी, गेला होता.

यवतमाळात वाल्व मिळाला. दुकानदार म्हणे, अगदी असली. शब्बीरनं अंगठ्याला थुंकी लावून काचेवरचा नंबर घासला...

नंबर अंगठ्यावर आला.

वापरून फेकलेला माल. पुसायचा, नवा नंबर छापायचा, डब्यात घालायचा. शब्बीरनं तो परत ठेवला आणि दिग्रसची मोटार धरली.

दिग्रसला कय्युम होता. पूर्वी फिरत्या टॉकीजचं मशीन सांभाळायचा. त्यानं लोखंडी पेटीतून एक वाल्व काढला. शब्बीरनं घासला. नंबर जागचा हलला नाही.

"हा कोणाले देत नाही मी," कय्युम म्हणाला.

"काहून? पोसून राह्यला का त्याले?"

"हा ऐकते."

कय्युमनं वाल्व आपल्या मशीनमध्ये बसवला. माइक जोडलाच नाही. काचेवर पेन्सिलीची टिचकी मारली.

ठण्ण... भोंग्यातून आलं.

"आतली तार जराशी ढिली असली का होते असं. जवळ कोणी बोललं तरी भोंग्यातून निघते. खाली सायकलच्या ट्यूबचं रबर घाल, अन् मशीनपाशी माणूस येऊ देऊ नको."

म्हणून लग्नाच्या दिवशी शब्बीरनं मशीन मांडवाबाहेर, कडुलिंबाखाली, सोडलेल्या बैलगाडीवर ठेवलं. भोंगा झाडावर. तोंड नाल्याकडे.

हॅलो... हॅलो... एक... दोन...

स्वच्छ.

सोनीनं माइकसमोर दादीचं नाव घेऊन ढावलो धरला. आवाज उन्हातून नाल्यापार गेला. डोंगरसिंगनं पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले.

सोनी श्वास घ्यायला थांबली.

भोंगा थांबला नाही.

घर्र...

घर्र...

म्हातारं माणूस छातीतून ओढतं तसा श्वास.

शब्बीरनं माइकची तार उपटली.

श्वास चालूच.

वाल्व ऐकतोय, त्याला वाटलं. गाडीपाशी कोणीतरी आलंय. त्यानं वळून पाहिलं...

कोणी नव्हतं. कुत्रंसुद्धा नव्हतं.

माझाच श्वास असेल. त्यानं नाक-तोंड दाबून धरलं.

घर्र...

मग शब्द.

"छोरी... जोरानं रड. इथं कोणीच रडून नाही राह्यलं."

बायका रडता रडता हसल्या. म्हातारीचा आवाज सगळ्यांनी ओळखला होता.

"वा, शब्बीरभाई," डोंगरसिंग ओरडला, "दोन्हीकून बोलते का तुमचं मशीन? याडीपाशीबी माइक ठेवला?"

शब्बीरनं नाल्यापलीकडे काहीच ठेवलं नव्हतं.

माइक नाही.

तार नाही.

त्यानं बॅटरीची तार ओढून काढली. वाल्वमधला लाल उजेड विझला. भोंगा मुका झाला.

मागून कोणीतरी त्याचं मनगट धरलं.

प्रेमसिंग. डोंगरसिंगचा धाकटा भाऊ. ज्याच्या घरी म्हातारी होती तो. नाला ओलांडून धावत आलेला, घामानं निथळत.

"कोण काढून राह्यलं आमच्या याडीचा आवाज?"

"मी नाही, भाऊ. अल्ला कसम."

प्रेमसिंगनं मांडवाकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"सकाळीच गेली ते. लग्न थांबू नये म्हणून झाकून ठेवली, दार लावलं. बायांले बजावलं, पोरगी निघेपर्यंत कोणी रडाचं नाही."



सोनी अजून त्या बंद माइकसमोर उभी होती. मान हलवत होती. मध्येच थांबे, ऐके. "हो दादी... हो..." मग पुन्हा रडे. आधीपेक्षा जोरात.

थोड्या वेळानं तिनं घुंगट सारला.

"चाचा, मशीन बंद करू नका ना. दादीचं झालं नाही अजून."

बॅटरीची तार शब्बीरच्या हातात होती.

सोनी तिकडे काय ऐकत होती, ते शब्बीरला आजही ठाऊक नाही. बऱ्याच वर्षांनी एकदा विचारायला म्हणून तो तिच्या सासरी गेला होता. दुपारच होती. घरात ती एकटी. दार लोटलेलं.

आतून सोनीचा आवाज आला.

"हो दादी... रडते. रडते ना..."

शब्बीर चपला हातात घेऊन परत फिरला.