चोवीस मिनिटं दहा सेकंद

पुण्याजवळच्या माण गावात मी राहतो ते घर गोजराबाईंचं. खाली त्या, वरच्या दोन मजल्यांवर आम्ही भाडेकरू. जिथे त्यांची भातखाचरं होती तिथे आता कंपन्यांच्या बस उभ्या राहतात. माझा मुलगा कौस्तुभ अशाच एका कंपनीत होता. त्याची बंगळूरला बदली झाली तेव्हा मी, अनसूया आणि त्याचा जुना संगणक, असे तिघं मागे राहिलो.

पुण्यातल्या एका छापखान्यात मी अडतीस वर्षं मुद्रितं तपासली. इथे सगळे मला मास्तर म्हणतात. मी मास्तर कधीच नव्हतो, पण ते सांगायचं राहून गेलं. माझं बरंच असं राहून जातं.

२००९च्या श्रावणात एका वाहिनीची माणसं आमच्याकडे आली. मुळशीतल्या रानभाज्यांवर कार्यक्रम करायचा होता. अनसूया या भाज्या गोजराबाईंकडूनच शिकली होती. दोघी सकाळी टोपली घेऊन बांधाबांधानं हिंडायच्या आणि टाकळा, कुरडू, भारंगी असं काहीबाही घेऊन यायच्या. चित्रीकरणाच्या दिवशी गोजराबाई नवं लुगडं नेसून खाटेवर बसल्या होत्या. अनसूया समोर खुर्चीवर, मांडीवर टोपली. दिग्दर्शिका मला म्हणाली, "काका, तुम्हीपण बसा ना शेजारी. दोन वाक्यं बोला."

मी मान हलवली आणि मागे सरलो.

"बसा की मास्तर," गोजराबाई म्हणाल्या. "क्यामेरा काय चावतुया का? येवढी वर्सं वैनींच्या हातचं खाल्लं, त्ये तरी सांगा."

सगळे हसले. मी स्वयंपाकघरात गेलो आणि दार लावून घेतलं.

कार्यक्रमाच्या शेवटी दिग्दर्शिका विचारते, "मग या भाज्या खातं कोण?" अनसूया हसते. "हे काय, आत आहेत. लाजतात. थांबा हं, बोलावते." ती उठते, पाठ करून स्वयंपाकघराच्या दाराशी जाते. "अहो, येता का बाहेर?" तिथेच चित्र थांबतं आणि नावं येतात.

मी बाहेर गेलो नाही. दाराच्या आत उभा राहिलो, सगळे गेल्याची खात्री होईपर्यंत. संध्याकाळी तिनं नेहमीसारखं जेवायला वाढलं. त्या दिवसाबद्दल ती पुन्हा बोलली नाही, मी विचारलं नाही. डिसेंबरमध्ये ती गेली. सकाळी चहा ठेवताना खाली बसली आणि उठलीच नाही.

मला एवढंच जाणून घ्यायचं होतं : मी आलो नाही तेव्हा ती सगळ्यांकडे वळली असेल. वळताना तिचा चेहरा कसा होता? समजून घेतल्यासारखा, की अपमान झाल्यासारखा? सत्तेचाळीस वर्षांच्या संसाराचा निकाल त्या एका वळण्यात आहे असं मला वाटू लागलं होतं. गोजराबाई तिथे होत्या, त्यांनी पाहिलं होतं. त्यांना विचारायचं अनेकदा ओठांवर आलं. जिन्यात त्या भेटायच्या, "जेवलात का?" म्हणायच्या, मी "हो" म्हणून वर यायचो.

फेब्रुवारीत कौस्तुभनं वाहिनीतल्या ओळखीच्या माणसाकडून तो कार्यक्रम मिळवला आणि एका छोट्या डिस्कवर घालून मला पाठवला.

"बाबा, ही एच.डी. आहे," तो फोनवर म्हणाला. "टीव्हीवर दिसलं त्याच्या पाचपट स्पष्ट. आईच्या कुड्यांमधले मोती मोजता येतील. पण तुमच्या मशीनला झेपणार नाही, अडखळत चालेल. कन्व्हर्ट करून घ्या, म्हणजे फाइल लहान होईल."

"लहान कशी होते?"

"ज्याची गरज नाही ते संगणक टाकून देतो. डोळ्याला कळतसुद्धा नाही."

"गरज नाही हे कोण ठरवतं?"

"तोच ठरवतो," कौस्तुभ हसून म्हणाला. "आणि डिस्क लगेच परत पाठवा. ते पुसून पुन्हा वापरतात."

फाइल संगणकावर उतरवून मी डिस्क कुरियरनं परत केली. त्यानं सांगितलेल्या पायऱ्या वहीत लिहून घेतल्या. सुरुवातीचे रंगीत पट्टे कापले, जाहिरातींसाठी सोडलेल्या काळ्या जागा कापल्या, तुकडे जोडले. चोवीस मिनिटं दहा सेकंद झाली. वहीत पेन्सिलीनं आकडा लिहिला. चित्र दर दोन सेकंदांना अडखळत होतं, पण जिथे थांबायचं तिथे कुड्यांचे मोती खरोखरच मोजता येत होते. सात.

मग रूपांतर लावलं. सकाळी दहाला लावलेलं दुपारी चारला संपलं. नवी फाइल तयार झाल्यावर मी जुनी पुसून टाकली. ही छापखान्याची सवय. दुरुस्त मुद्रित हातात आलं की जुनं फाडायचं, नाहीतर दोन्हींची सरमिसळ होऊन जुन्या चुका परत छापल्या जातात. अडतीस वर्षांत माझ्या हातून अशी सरमिसळ एकदाही झाली नव्हती. तेवढाच मला अभिमान.

नवी फाइल चोवीस मिनिटं चौदा सेकंदांची होती.

मोजण्यात माझीच चूक झाली असेल असं वाटलं. शेवटपर्यंत पाहिलं. नावं संपली, पडदा काळा झाला, आणि मग चार सेकंद अनसूयेची पाठ दिसली. हिरव्या काठाची साडी, चौकटीवर ठेवलेला हात. एवढंच. आधी हे माझ्या नजरेतून सुटलं असणार. मी नेहमीच असं गृहीत धरतो.

चित्र अजून थोडं अडखळत होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी लहान करायला लावलं आणि जुनी फाइल पुसली. चोवीस मिनिटं अठरा सेकंद. आता ती दुसऱ्यांदा म्हणाली, "अहो." हळूच, फक्त दाराला ऐकू जाईल असं.

ती हाक मला आठवत होती. पण नावांनंतरची हाक कार्यक्रमात कशी येईल?

मी कौस्तुभला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. "बाबा, शेवटी काहीतरी कच्चं फुटेज राहिलं असेल," तो घाईत म्हणाला.

तिसऱ्या वेळी मी जुनी फाइल ठेवून पाहिली. एकही सेकंद वाढला नाही. जुनी पुसून पुन्हा लावलं. चार सेकंद वाढले.

या चार सेकंदांत खोलीतले दिवे विझलेले होते. एक माणूस वायर गुंडाळत आडवा गेला. त्याच्यामागून दुसरा, खांद्यावर काळी पिशवी. चेन पूर्ण लागलेली नव्हती, आत कॅमेऱ्याची काच दिसत होती.

मी ते सात-आठ वेळा पाहिलं. कॅमेरा दाराबाहेर गेला आणि चित्र चालूच राहिलं. आणखी एक गोष्ट लक्षात आली. कॅमेरा दिवसभर खिडकीपाशी उंच उभा होता. हे चित्र खालून, बाजूनं दिसत होतं. बसलेल्या माणसाला दिसावं तसं.

तिथे थांबायला हवं होतं. पण पाचव्या रूपांतरात एक आवाज आला. दारापलीकडे, स्टीलचं झाकण ओट्यावरून पडून गरगरत थांबल्याचा. ते माझ्या कोपरानं पडलं होतं. मी त्या दिवशी श्वास रोखून उभा होतो आणि स्वतःला समजावत होतो की तिनं ऐकलं नसेल.

तिनं ऐकलं होतं. झाकण थांबेपर्यंत तिची मान जराशी कलती झाली. दारापलीकडे, हातभर अंतरावर मी आहे हे तिला कळलं होतं.

आता चेहरा पाहिल्याशिवाय मला सुटका नव्हती.

दर सकाळी आंघोळ करून मी रूपांतर लावायचो. खिडकीबाहेर कंपन्यांच्या बस येऊन जायच्या. गुरुवारी वीज गेली की सगळं पहिल्यापासून. संध्याकाळी जुनी फाइल पुसायची आणि मग नवे चार सेकंद पाहायचे. पण दर वेळी चित्रातून काहीतरी टाकून दिलेलं असायचं. मोती आधी गेले. मग कुंकू कपाळभर पसरलं. सातव्या रूपांतरात मुलाखत देणाऱ्या अनसूयेच्या गालांवर चौकोन उमटले, फरशीसारखे. नवव्यात नाक राहिलं नाही.

मी वहीत मांडून पाहिलं. ती वळायला अजून किती सेकंद लागतील आणि तोपर्यंत चेहरा किती उरेल. दोन्ही ओळी कुठे मिळतात ते मला दिसत होतं. तरीही मी थांबलो नाही.

"पुरे करा आता," कौस्तुभ म्हणाला. "आहे त्याची एक कॉपी मला पाठवून द्या. माझ्याकडे आईचा आवाज नाही कुठेच."

"पाठवतो," मी म्हणालो. पाठवली नाही. त्याच्याकडे ती राहिली असती तर पुढचे सेकंद आले नसते.

अकराव्या वेळी ती वळली.

आधी खांदा. मग पदर.

मग ती पूर्ण समोर आली, माझ्याकडे बघत. माझ्याकडे म्हणजे जिथून चित्र दिसत होतं तिथे.

मानेवर, चेहऱ्याच्या जागी, पाच-सहा चौकोन होते. गव्हाळ, तपकिरी, एक लालसर. ते हलत होते. ती काहीतरी बोलली. आवाजही आता पाण्याखालून यावा तसा येत होता. ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. मी पडद्याला नाक लावलं. मग लांब जाऊन, डोळे बारीक करून पाहिलं. चौकोनच होते.

फाइल तिथेच संपली. नंतर तीन वेळा रूपांतर केलं. एकही सेकंद वाढला नाही. फक्त चौकोन कमी झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेलो. गोजराबाई अंगणात सुपात तांदूळ पाखडत होत्या. मी त्यांच्यासमोर पायरीवर बसलो. तीन आठवड्यांपूर्वी, एका मिनिटात झालं असतं ते काम.

"गोजराबाई," मी म्हणालो, "ते टीव्हीवाले आले होते त्या दिवशी हिनं मला हाक मारली. मी आत होतो."

"व्हय तर. मी खाटंवरच बसले हुते की. आत कायतरी पडलं खणकन. म्या म्हनलं, मास्तर घाबरलं." त्या हसल्या. "मंग वळल्या वैनी."

"वळताना तिचा चेहरा कसा होता?"

"आता कसा म्हंजे," त्या लगेच म्हणाल्या, "मला चांगलं ध्येनात हाय, मी तवाच मनात म्हनलं बघा, की ह्या बाईचा चेहरा..."

त्या थांबल्या. सूप हातात तसंच राहिलं.

"थांबा हां. परवापातुर डोळ्यांफुडं हुता." त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. कोंडा वाऱ्यानं त्यांच्या लुगड्यावर येऊन पडत होता, तो त्यांनी झटकला नाही.

"साडी दिसतीया," त्या म्हणाल्या. "हिरवा काठ. हात बी दिसतुया."

"आणि चेहरा?"

त्यांनी डोळे उघडले, पदरानं पुसले आणि पुन्हा मिटले.

"मास्तर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तितं चेहरा न्हाई वं. नुस्तं चौकोन चौकोन हायेत."