मागच्या सीटवरचं वजन

थापा मारायचं माझं वय आता राहिलं नाही. थाप लक्षात ठेवावी लागते, तेवढं डोकं उरलंय कुठं? म्हणून सांगतो, हे घडलेलं आहे.

मागच्या मे महिन्यात. नांदेडहून लोह्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर.

आणि रात्री नव्हे बरं का! टळटळीत दुपारी. डांबर चपलेला चिकटत होतं. अशा वेळेला त्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं...

म्हणूनच कुणी उभं असलं, की लगेच दिसतं.

माझा भाचा रविकिरण, त्याच्यासोबत घडलं. नोकरी लातूरला, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत. बायको सुकन्या नांदेडच्या एका दवाखान्यात नर्स. शनिवारी हा एसटीत उभ्यानं येऊन मोडलेला, ती रात्रपाळी करून मोडलेली.

"जेवलात?"

"हं."

"झोपते मी."

"हं."

झाला संसार. भांडत असते तर बरं होतं. भांडायलाही अंगात त्राण लागतं.

एका रविवारी ती म्हणाली, "असंच चालायचं असंल तर मी देगलूरला आईकडं जाऊन राहते."

आवाजात राग नव्हता. तेच रविकिरणला लागलं.

लग्नाआधी एकदा रस्त्यातली एक मोटारसायकल बघून ती म्हणाली होती, हिच्यावर बसून आपण हैदराबादला जाऊ. व्ही-ट्विन होती ती. इंग्रजी व्हीसारखी दोन सिलिंडरं पसरलेली, धड्... धड्-धड्... असा लंगडा आवाज. रविकिरणनं ठरवलं, तसलीच घ्यायची. तीनशे सीसीच्या आसपासची, जुनी चालेल. दोघांनी बसायचं आणि निघायचं. बायको घरात ठेवायची ही त्याची शेवटची खटपट होती.

दोन गाड्या सापडल्या. एक लाल, नांदेडच्या सिडकोत. एक काळी, लातूरला.

आधी लाल बघितली. बसायला खाली, पाय पुढं पसरायचे, हँडल आरामखुर्चीच्या हातासारखं. मालक वीरेश म्हणाला, "चक्कर मारून या साहेब. पण मागं कुणाला तरी बसवा. एकट्यानं व्ही-ट्विन कळत न्हाई. डबल सीट चालवून बघा, शॉकअप किती बसतात ते बघा."

सुकन्या ड्युटीवर होती. रविकिरण एकटाच निघाला, लोह्याच्या वाटेनं. मागच्या सिलिंडरची धग मांडीला लागत होती.

रस्त्याकडेला एक चिंच आहे.

चिंचेखाली एक बाई उभी होती. पदर पार तोंडावर ओढलेला.

आपल्याकडं उन्हातल्या माणसाला कुणी टाकून जात नाही. त्यात याला मागं बसणारं हवंच होतं. त्यानं गाडी थांबवली.

"बसा की मावशी, सोडतो."

मागची सीट दबली. शॉकअप छान बसले. रविकिरण खूश झाला.

"कुठं जायचं मावशी?"

रविकिरणनं गिअर बदलला.

"ऊन लई हाय आज."

काही नाही... नुसती धड्-धड्.

पुढं फाट्यावर गुणाबाईची रसवंती आहे. तिथं त्यानं गाडी उभी केली. गुणाबाईनं न विचारता रसाचे दोन ग्लास ठेवले.

"दोन कशाला?"

"अन् त्यांना?" गुणाबाईनं त्याच्या पाठीमागं बघितलं. मग डोळे बारीक करून परत बघितलं. मग एक ग्लास गुपचूप उचलून घेतला.

मागं कुणी नव्हतं.

उतरली असेल मध्येच, रविकिरण मनाशी म्हणाला. पण गाडीवर बसून निघाला, तर मागचं टोक दबलेलंच. सिडकोपर्यंत तसंच... दबलेलं.

वीरेशला म्हणाला, "तुझे शॉकअप गेलेत बाबा."

"मागच्याच महिन्यात बदललेत!" वीरेश चिडला. "घ्यायची न्हाई तर न्हाई म्हणा, गाडीला नावं ठेवू नका."

लाल बाद झाली.

दुसऱ्या आठवड्यात लातूरला काळी बघितली. ही उंच. पाय सरळ खाली, हँडल हातात येणारं, वळणाला हलकी. लालीला बेल्ट होता, हिला चेन. आवाज जरा कोरडा. मालक बालाजी बोलका गडी. रविकिरण गाडीवर बसला...

आणि मागचं टोक हळूच दबलं.

बालाजी तर समोर उभा होता.

"मी बसतो सर मागं, मारा चक्कर," असं म्हणून बालाजी मागं चढला. थोडं पुढं गेल्यावर म्हणाला, "सर, जरा पुढं सरका की."

"टाकीवर आलोय मी, अजून किती सरकू?"

 कोपऱ्यावर आल्याबरोबर बालाजी उतरला. इतका बोलका गडी, पण शर्टाच्या बाहीनं मान पुसत एवढंच म्हणाला, "न्या गाडी. जमंल ते द्या."

मग रविकिरणला कळलं, खोट गाडीत नाही. लालीत नव्हती, काळीतही नाही. जे काही आहे, ते त्याच्या मागं लागलंय.

दुसरा कुणी असता तर गाडीचा नाद सोडून देवाला गेला असता. हा इतका थकलेला होता, की त्यानं काळी घेतली. का, तर तिची सीट जरा लांब होती!

येताना रसवंतीवर थांबला. गुणाबाईनं त्याला बाजूला घेतलं.

"तिला बस म्हणलास?"

"हाव."

"अन् उतर म्हणलास का?"

"...न्हाई."

"मग ती कशाला उतरंल? चिंचेखाली जा. गाडी उभी कर. उतरा म्हण. अन् मागं बघू नको."

चिंचेपाशी एकट्यानं थांबायचा त्याला धीर होईना. रविवारी तो सुकन्याला म्हणाला, "चल, रस पिऊन येऊ." बाकी काही सांगितलं नाही. तिनं उन्हाचा स्कार्फ बांधला, डोळे तेवढे उघडे. गाडीवर बसली.

"अहो, मध्ये काय ठेवलंय? टेकता येईना मला."

"काही न्हाई. नीट धर."

चिंच आली. रविकिरणनं गाडी उभी केली. 

"आलं बघा... उतरा आता."

मागचं टोक वर आलं. एकदम हलकं.

त्यानं मागं बघितलं नाही. ॲक्सिलरेटर पिळला. कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. वाटेत सुकन्याशी बोलला, हैदराबादला जाऊ म्हणाला. ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं त्याच्या सवयीचं होतं.

रसवंतीवर थांबला.

गुणाबाईनं एकच ग्लास ठेवला.

रविकिरणनं मागं बघितलं... सीट रिकामी.

तो कसा परत आला ते त्याचं त्याला माहीत नाही. चिंचेखाली सुकन्या उभी होती. तोच स्कार्फ, तेच डोळे.

"किती वेळ लावला," ती म्हणाली. आणि मागं बसली.

गाडी तिच्या वजनानंसुद्धा दबली नाही.

घरी गेल्यावर तिनं स्कार्फ सोडला. सुकन्याच. कानामागचा तीळसुद्धा जागच्या जागी. चहा ठेवला, त्याच्यासमोर बसली आणि विचारलं, "दमलात ना लई?"

हे ती कधी विचारत नव्हती.

परवा रविकिरण माझ्याकडं आला होता. चांगला तुकतुकीत दिसला. मी म्हटलं, "बाबा, अजून दबत न्हाई का रे गाडी?"

"न्हाई मामा."

"मग तू तिला विचारलंस का कधी?"

"काय विचारू?" तो जमिनीकडं बघत राहिला. "खांद्यावर हात ठेवून बसते. दिवसभराचं सांगते, माझं ऐकते. देगलूरचं नाव न्हाई काढत. मी थकलोय मामा."

मला राहवलं नाही. "अरे, पण ती आधीची सुकन्या... ती अजून तिथंच चिंचेखाली उभी असली तर?"

तो किल्ली बोटाभोवती फिरवत बसला.

"त्या रस्त्यानं मी जात न्हाई आता," तो म्हणाला. "कंधार-जळकोटवरून जातो. लांब पडतं जरा."

पुढच्या आठवड्यात मला नांदेडला जायचंय. एसटी लोह्यावरूनच जाते... आणि सध्या ऊनही तसलंच आहे.

खिडकीजवळची जागा मी घेणार नाही.